चुंबक न धरणारं दार

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला नावानं कुणी ओळखत नसे. चुंबकराव म्हटलं की मात्र लगेच वाट दाखवत. शर्टाच्या खिशात फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक चपटं चुंबक कायम असे. कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की याला सोबत नेई, आणि हा गाडीभोवती फिरत पत्र्यावर चुंबक टेकवत जाई. चिकटलं तर पत्रा खरा. घसरलं तर रंगाखाली पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी कधीतरी दणकून ठोकलेली आणि विकणारा ते लपवतोय. "माणूस खोटं बोलतो, लोखंड बोलत नाही," असं म्हणून तो चुंबक परत गुंडाळायचा.

आता, या धंद्यात संशय हवाच. पण संध्याकाळी घरी निघताना तो बाजारातच ठेवून यायचा असतो, हे याला कुणी शिकवलं नव्हतं. शेजाऱ्यानं हसून "काय, बरं आहे ना?" विचारलं तरी याच्या मनात पाल चुकचुकायची. दुकानदारानं एखादी वस्तू स्वस्तात दिली की हा ती घरी आणून उजेडात उलटीपालटी करायचा. बायको म्हणायची, "नशीब माझं, लग्नाआधी माझ्या गालावरून चुंबक फिरवून बघितलं नाहीत." त्यावर तो हसायचा, पण बायको हे आत्ताच का म्हणाली, याचाही थोडा विचार करायचा.

त्याच्या वडिलांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. अजूनही कुणाच्या शेजारी बसले की त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. आयुष्यात त्यांनी शौक म्हणून दोनच गोष्टी केल्या आणि त्या दोन्ही घरामागच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक फिकट निळी कूपे, बुटकी, दोन दारांची. आणि दुसरी काळीभोर सेडान, लांबलचक, चार दारांची, लाकडी डॅशबोर्डची.

वडिलांचे गुडघे गेले, नजर अधू झाली, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी दोन्ही मुलांना शेडमध्ये बोलावलं. चुंबकराव थोरला. धाकटी बहीण हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, वडिलांजवळच राहायची आणि तिला सगळे चिमणी म्हणत. आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

"एक एक गाडी घ्या," वडील म्हणाले. "मी असताना घ्या. माझं आणि तुमच्या काकाचं एका शेडच्या वाटणीवरून बिनसलं, ठाऊक आहे ना? तो गेला तेव्हा त्याच्या फाटकापाशी मी कितीतरी वेळ उभा होतो. आत जावं की नाही तेच कळेना. सख्खा भाऊ होता माझा! तुमचं तसं झालेलं मला नकोय. गाड्या भंगारात गेल्या तरी चालतील, पण तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत राहा."

"बाबा, काहीतरीच काय," चिमणी म्हणाली.

"चिमणी धाकटी आहे. ती आधी निवडेल."

"नको, आधी दादाला निवडू दे," ती पटकन म्हणाली.

झालं! तिथेच पहिली पाल चुकचुकली. पहिली निवड हातात आलेली असताना ती कोण सोडतं?

वडील आपल्याच तंद्रीत गाड्यांबद्दल बोलायला लागले. कूपेत रेडिओ नाही, काच हातानं फिरवायची, मागची सीट नावाला, तिथे एक पिशवी जेमतेम मावेल. पण अंगात वजनच नाही, त्यामुळे इंजिन लहान असूनही अशी पळते की वळणावर माणूस आपोआप हसायला लागतो. सेडानचं तसं नाही. तिचं दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. खड्डा गेला तरी कळत नाही. "कूपे आपण चालवतो," ते म्हणाले, "आणि सेडानमध्ये आपण बसतो. बाकी काय ते तुम्ही ठरवा."

बाकी काय ते चुंबकरावाला चांगलंच ठाऊक होतं. संग्रह करणाऱ्या हौशी लोकांना दोन दारांची हलकी गाडी दिसली की वेड लागतं. त्यांना गाडी नको असते, आपलं पंचविशीचं वय हवं असतं. मोठी सेडान म्हणजे पांढरा हत्ती. घेताना स्वस्त वाटते, मग एक बटण बिघडलं की सुटा भाग शोधायला अर्धी दुनिया पालथी घालावी लागते, आणि विकायला काढली तर लोक कौतुक करतात, चहा पितात आणि निघून जातात. शाळकरी पोरानंसुद्धा कूपेवर बोट ठेवलं असतं.

"दादा, तू कूपेच घे," शेडमधून निघताना चिमणी म्हणाली. "लहानपणापासून तुझा जीव आहे तिच्यावर. तुलाच शोभेल."

आवळा देऊन कोहळा काढणारे त्याला रोज भेटत. आवळाच काय, कोहळाही देऊन वर हसणारी बाई बघून तो रस्ताभर अस्वस्थ होता. घरी आल्या आल्या त्यानं बायकोला सांगितलं.

"बहीण आहे तुमची. प्रेमानं म्हणाली असेल," बायको म्हणाली.

"प्रेमानं म्हणायचं तर एकदा म्हणायचं. दोनदा कशाला म्हणाली?"

बायकोनं हात जोडले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

दोन दिवसांनी तो वडिलांची औषधं द्यायला गेला तेव्हा चिमणी शेडमध्ये फोनवर बोलत होती. तिची पाठ होती. "नाही नाही, दादाला इतक्यात काही बोलू नका," ती म्हणत होती. "त्याला आधी निवडू दे. मग कळेलच की." मागे वळली, याला बघितलं, आणि फोन ठेवला.

"कोण होतं?"

"कुशनवाले."

"त्यांचं काय काम?"

"असंच," ती म्हणाली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं बोलताना व्हायच्या तशाच. कुठेतरी पाणी मुरतंय, हे आता नक्की झालं.

चिमणी कामावर आणि वडील झोपलेले, अशी एक दुपार बघून तो शेडमध्ये शिरला. स्वतःच्या बापाच्या घरात चोरासारखा शिरताना त्याला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण चुंबक तोवर हातात आलेलं होतं.

आधी सेडान. छप्पर, चारही दारं, डिकी, चाकांवरची मडगार्डं, चुंबक जिथे टेकवावं तिथे खटकन बसे. लबाडी नावाला नाही. मग कूपे. छप्पर ठीक. मागची मडगार्डं ठीक. त्यानं चालकाच्या दारावर चुंबक टेकवलं आणि हात काढला. चुंबक सरळ खाली पडलं.

त्यानं ते उचललं, पुसलं, परत लावलं. परत पडलं. दुसरं दार, तेच. बॉनेट, तेच. डिकीचं झाकण, तेच. एवढ्या ठिकाणी पुट्टी म्हणजे गाडी नुसती घासलेली नव्हती, पार चेचलेली होती. बोटानं टकटक करून आवाज ऐकावा असं त्याला वाटलं, पण वडिलांचा कान ड्रायव्हिंग स्कूलचा. झोपेतसुद्धा रस्त्यावर कुणाचा गिअर चुकला तर ते डोळे उघडत. तो तसाच उकिडवा बसून राहिला.

मग त्याला आठवलं. गेल्या वर्षी कूपे काही आठवडे शेडमध्ये नव्हती. कुशनवाल्याकडे आतलं अस्तर बदलायला दिलीय, असं चिमणी म्हणाली होती. अस्तर! सगळं एका झटक्यात जुळलं. चिमणीनं गाडी ठोकली, गुपचूप भरून घेतली, वर रंग मारला, म्हाताऱ्या बापाला फसवलं आणि आता ती पुट्टीची बाहुली थोरल्या भावाच्या गळ्यात मारतेय. म्हणून ते "आधी दादाला". म्हणून ते "तुलाच शोभेल".

सुतावरून स्वर्ग गाठतात तो हा असा. या बनावटीच्या किती तरी कूपे त्यानं तपासल्या होत्या, सगळ्या नखशिखान्त लोखंडाच्या. कंपनीनं शर्यतीसाठी काही गाड्यांना अॅल्युमिनियमची दारं आणि झाकणं बसवली होती, असं तो ऐकून होता, पण तशी गाडी बाजारात कुणीच बघितलेली नव्हती. आपल्याच बापाच्या शेडमध्ये ती उभी असेल, अशी शंका, ज्याला जगातल्या सगळ्या शंका यायच्या त्याला, नेमकी आली नाही. वाईटाचा संशय त्याला चटकन यायचा. चांगल्याचा घ्यायची सवयच नव्हती.

त्याला राग आला, पण रागापेक्षा दुःख जास्त झालं. बाजारातली माणसं फसवतात, त्याचं काही वाटत नाही. पण ही चिमणी. हिला सायकल शिकवताना त्यानं स्वतःचे गुडघे फोडून घेतले होते. त्या रात्री तो नीट जेवला नाही.

रविवारी सकाळी वडिलांनी दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"बोल," ते थोरल्याला म्हणाले.

"कूपे घे ना, दादा," चिमणी हळूच म्हणाली. तिसऱ्यांदा.

त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. "मला सेडान हवी."

वडिलांच्या भुवया वर गेल्या. चिमणी काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. तिचा चेहरा असा उतरला की त्याला मनातून बरंच वाटलं. डाव फसला की माणसाचा चेहरा असाच पडतो, हे त्यानं पुष्कळदा बघितलेलं होतं.

"बरं," ती म्हणाली. सेडानची किल्ली तिनंच उचलून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "नेण्याआधी मी एकदा आत बसू? थोडाच वेळ."

ती मागच्या सीटवर डाव्या बाजूला जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. हा दादा काय करत होता? काचेतून तिच्या हातांवर नजर ठेवून उभा होता! सीटखाली काही लपवलेलं काढून नेईल, म्हणून. तिनं वरचा चामड्याचा पट्टा धरला, डोळे मिटले आणि नुसती बसून राहिली. उतरली तेव्हा हात रिकामे होते आणि नाक लाल होतं. सर्दी असेल, असं त्यानं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात तो सेडान घेऊन कुशनवाल्याकडे गेला. मागची गादी एका बाजूला दबलेली होती, ती भरून घ्यायची होती. पण खरं काम दुसरंच होतं. चिमणीची चोरी त्याला साक्षीदारासकट पकडायची होती. वडिलांना सांगायचं की नाही ते मग बघता आलं असतं.

कुशनवाला बोलका माणूस. तोंडात सुई धरूनही बोलायचा.

"गेल्या वर्षी आमची निळी कूपे तुमच्याकडे होती ना?" यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. "बरीच ठोकलेली होती म्हणे."

"ठोकलेली? कोण म्हणतं?" त्यानं तोंडातली सुई काढली. "अहो, ओरखडा नव्हता! अस्तर काढायला दार उतरवलं आणि मीच चाट पडलो. एका हातानं उचललं गेलं. अॅल्युमिनियमचं दार! बॉनेट, डिकी, सगळं तसंच. एक म्हातारे हौशी गृहस्थ आलेले, ते तर खुर्ची ओढून बघत बसले. म्हणाले, ही ती शर्यतीवाली. अशी एक मिळाली तर मी माझ्या सगळ्या गाड्या देऊन टाकीन."

चुंबकरावाचा हात खिशातल्या चुंबकावर गेला.

खोटं कशाला सांगा, पहिला विचार त्याच्या मनात आला तो गाडीचा. ती परत कशी मिळवायची? सेडानमध्ये काही दोष काढावा का? बाबांना मध्ये घालावं का? एवढ्याशा वेळात त्याच्या डोक्यात दोन युक्त्या तयारही झाल्या होत्या.

"ताईंना सांगितलं," कुशनवाला बोलतच होता, "तर त्या म्हणाल्या, दादाला सांगू नका. ती त्याचीच गाडी होणार आहे. त्याचं त्यालाच सापडू दे, त्याला शोधून काढायला फार आवडतं. परवाही फोनवर मला बजावलं त्यांनी. सापडलं की नाही मग तुम्हाला?"

यानं मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आणि ही मागची गादी," तो विषय बदलायला म्हणाला, "ही डावीकडे पार बसलीय. नवा फोम भरा."

"छे! तिला हात लावायचा नाही, असं ताईंनी सांगितलंय. ही गाडी त्यांच्याकडे राहणार होती ना? आई तिथे बसायच्या म्हणे. खुबा दुखायचा, म्हणून एका कुशीवर कलून. हॉस्पिटलला नेताना आणताना, दोन वर्षं. तो खळगा त्यांचा आहे. मी म्हटलं, मग दादांना सरळ सांगा की मला सेडान हवी. तर म्हणाल्या, मी मागितली तर त्याला वाटेल त्या गाडीत काहीतरी आहे. नाही दिली तर वाईट, आणि दिली तर जन्मभर त्याला वाटत राहील की चिमणीनं चांगली गाडी नेली. त्यापेक्षा त्यालाच निवडू दे."

तो बाहेर आला आणि सेडानच्या मागच्या दारानं आत शिरला. या गाडीत मागे तो कधी बसलाच नव्हता. खळग्यात बसल्यावर अंग आपोआप उजवीकडे कललं. वरचा पट्टा एका जागी झिजून मऊ झाला होता. त्या दोन वर्षांत आपण आईला हॉस्पिटलला एकदाही नेलं नाही, बाजारातून सुटता येत नाही म्हणून, हे त्याला तिथे बसल्यावर कळलं. पट्टा धरून तो रडला. रस्त्यावरची माणसं बघत होती आणि ती का बघतायत, याचा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला नाही.

तसाच तो वडिलांच्या घरी गेला. वडील पुढच्या खोलीत आरामखुर्चीत होते.

"तिसऱ्या गिअरमध्येच ओढत आणलीस," ते म्हणाले. "रडतोयस की काय?"

"नाही, बाबा. चिमणी कुठाय?"

चिमणी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तो दारात उभा राहिला आणि सेडानची किल्ली पुढे केली.

"ही घे. ही तुझी आहे. माझी चूक झाली."

तिनं घडी अर्धवट ठेवली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, अगदी लहानपणीचा. मग तो तिथेच थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कुशनवाल्यांकडे गेला होतास?"

"हो."

"मग कळलं वाटतं तुला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं कपाट उघडून कूपेची किल्ली काढली. "घे. तुझ्यासाठीच होती ती. मी तीनदा म्हणाले तुला."

"मला कूपे नको, चिमणे. दोन्ही तुझ्याकडे ठेव. मी आईच्या सीटसाठी आलोय."

"दोन्ही?" ती हसली. त्या हसण्यानं त्याला जास्त लागलं. "दादा, नाटक नको रे. मी मनापासून देतेय, तू सरळ घे."

"आईशप्पथ सांगतो. त्यानं मला सीटचं सांगितलं, आणि मी तडक इकडे आलो."

"आधी काय सांगितलं त्यानं?" तिनं विचारलं. "दाराचं, की सीटचं?"

हा प्रश्न त्याचा होता. असेच प्रश्न विचारून त्यानं जन्मभर माणसं पकडली होती. खरं बोलणारा लगेच बोलतो आणि दुसरा आधी थोडा थांबतो, हे तो गिऱ्हाइकांना शिकवायचा. तो थांबला. पुढच्या खोलीत आरामखुर्ची करकरायची बंद झाली होती. वडील ऐकत होते.

"दाराचं," तो म्हणाला. "पण दारासाठी नाही आलो गं."

"नसशीलही," चिमणी म्हणाली.

तिनं कूपेची किल्ली त्याच्या खिशात टाकली आणि त्याच्या हातातली सेडानची किल्ली घेतली. घेतल्यावर ती उजेडाकडे वळली, आणि किल्ली उलटीपालटी करून, तीच आहे ना, ते तिनं बघून घेतलं.